तीन दिवस झोपेचं सोंग

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. मला मरायचं नव्हतं. माझ्या गावातल्या निम्म्या बाया आजही धरून चालल्यात की रंजनानं नवऱ्याच्या जाचाला कंटाळून गोळ्या खाल्ल्या. समोर आल्या की माझा हात हातात घेतात, "कशी हाईस गं बाई" म्हणतात, आणि आमच्या ह्यांच्याकडं मात्र खाऊ का गिळू असं बघतात. तर तसलं काही नव्हतं. मला गोळ्यांची सवय लागली होती आणि एका रविवारी माझा अंदाज चुकला. बास, एवढंच. पण एवढं सांगायला मला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत ह्यांच्यावर जे गुदरलं ते मी आता पुसू शकत नाही.

सरकारी दवाखान्यात जिथं माझा उपचार चालू आहे, तिथल्या मॅडम म्हणाल्या, "लिहा ताई. पुरुषांनी लिहिलेलं ढीगभर आहे. बाईनं लिहिलेलं काहीच नाही." मी बारावी पास. त्यानंतर हातात पेन आलं ते फक्त सह्या करायला. तरी लिहिते. कुणाला कंटाळा आला तर मिटून ठेवा.

गोळी

आमचं गाव वाळूजच्या पुढं, शहरापासून तासाभरावर. त्या सालांत पाऊस ओळीनं दगा देत होता. टँकर यायचा, गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि आम्ही बाया कठड्यावर उभ्या राहून ते पाणी पुन्हा शेंदायचो. तिकडं शहर मात्र आमच्याकडं सरकत होतं. रोडच्या कडेच्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते, आणि त्या प्लॉटच्या कमानीवर कारंज्याचं चित्र रंगवलं होतं. आम्ही डोक्यावर हंडे घेऊन त्या कारंज्याखालून यायचो. हसावं का रडावं, तुम्हीच सांगा.

एक दिवस मी कठड्यावरून घसरले. नशीब, पाण्यात नाही, बाहेरच्या बाजूला दगडावर आपटले. सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी पाठ धरली ती धरलीच. मी वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला होते, ठेकेदाराकडून. आठ तास उभं राहायचं काम. बसलेली दिसली की ठेकेदार म्हणायचा, "उद्या घरीच बसा." लाइनीतली एक बाई एकदा म्हणाली, "ही घे, मीबी ह्याच्यावरच उभी हाय." पिवळी-हिरवी कॅप्सूल होती.

खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. पाठ तर मोकळी झालीच, पण सासूचं टोचून बोलणं, टँकरची वाट, पोरीची फी, सगळंच लांब गेलं. घरी आले, भाकरी थापल्या आणि चक्क गाणं गुणगुणले. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, चुलीपाशी येऊन बघून गेल्या, ही आज कशानं खूश आहे म्हणून.

दीड वर्षानं त्याच गोळ्या मी बरं वाटावं म्हणून घेत नव्हते. न घेतल्यावर जे व्हायचं, त्याच्या भीतीनं घेत होते. नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, पाय आपोआप झटके द्यायचे. एक मेडिकलवाला ओळखीचा झाला होता, तो विचारायचा नाही आणि मी सांगायची नाही. आमचे हे कंपनीच्या शिफ्ट-बसवर ड्रायव्हर. त्यांना वाटायचं, मला रक्त कमी आहे. मी बसल्या जागी पेंगायला लागले की ते दुसऱ्या दिवशी बीट आणि गूळ-शेंगदाणे घेऊन यायचे. किलो किलो बीट खाल्लंय मी त्या वर्षी. एकदाही तोंडातून खरं निघालं नाही.

रविवार

त्या सकाळी टँकर आला तेव्हा मी विहिरीपाशी नंबर लावून बसले होते. बसल्या बसल्या डोळा लागला. बायांनी उठवलं कसं नाही, देव जाणे. उठवलं असेल, मीच उठले नसेन. जाग आली तेव्हा तळाला गाळ आणि माझ्या पुढ्यात कोरडे हंडे. हे रात्रपाळी करून आलेले, आंघोळीला पाणी नाही, प्यायला नाही. ते ओरडले. ते सहसा ओरडत नाहीत, म्हणून त्या दिवशीचं सगळ्यांना ऐकू गेलं. "मर एकदाची, सुटू दे मला!" हे त्यांचे शब्द. असं आमच्याकडं कोण कुणाला म्हणत नाही? मी श्रावणीला, माझ्या पोरीला, दिवसातून दोनदा म्हणते. पण शेजारच्या पारूबाईनं ते ऐकून ठेवलं.

हे गाडीला कॅन बांधून पाणी शोधायला गेले. मी गोळ्या घेतल्या. नेहमीपेक्षा जास्त घेतल्या, वर खोकल्याचं औषध प्यायलं. का घेतल्या? पाठ दुखत होती, राग आला होता, स्वतःची लाज वाटत होती. मला फक्त त्या घरातून थोडा वेळ नाहीसं व्हायचं होतं.

पुढचं मला काही आठवत नाही, श्रावणीनं सांगितलं ते सांगते. ती मैत्रिणीकडून आली तर मी स्वयंपाकघरात आडवी, ओठ काळेनिळे, बाजूला रिकाम्या पट्ट्या. आत्याबाई आल्या आणि त्यांना वाटलं, ऊन लागलं. त्या माझ्या तळहाताला कांदा चोळत बसल्या. श्रावणीनं फोन करून सरकारी अँब्युलन्स बोलावली. आठवीतली पोर. तिला पत्तासुद्धा धड सांगता येईना, "कारंज्याच्या कमानीतून आत या" एवढंच म्हणत राहिली.

गाडीत एक डॉक्टर होते, तिशीचे असतील. त्यांचं नाव इथं नको, मी त्यांना डॉक्टरभाई म्हणते. त्यांनी माझ्या पापण्या उघडून पाहिल्या, पट्ट्या पाहिल्या आणि दंडात इंजेक्शन दिलं. मी ताडकन उठले, भडाभडा ओकले आणि त्यांना आईवरून शिवी दिली. अंगातली सगळी गोळी एका फटक्यात ओढून काढल्यासारखं झालं होतं. ती शिवी मला अजून आठवते, आणि ते अजून तिच्यावरून मला चिडवतात. "ताई, तुम्ही आमच्या आईचा उद्धार केला, तवाच मी पायलटला म्हणालो, चलो, पेशंट हाथ में आया." पायलट म्हणजे त्यांचा ड्रायव्हर.

शहराकडं येताना माझे डोळे पुन्हा मिटायला लागले. ते गालावर टिचक्या मारत होते, "ताई, झोपायचं नाय, बोलत राहायचं." आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. त्यानंतर तीन दिवस भेटलेल्या प्रत्येक माणसानं विचारलं, "का घेतल्या?" त्यांनी विचारलं होतं, "कधीपासून घेता?"

मी म्हणाले, "दीड वर्ष."

ते म्हणाले, "बरं." आणि कागदावर लिहिलं.

वॉर्ड

बाईमाणूस, लग्न झालेली, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, सकाळी नवऱ्याशी भांडण. दवाखान्यात आल्या आल्या माझ्यावर शिक्का बसला. पोलिसांना कळवणं भाग असतं, कळवलं. डॉक्टरभाईंनी लिहिलेला कागद फाइलीत सगळ्यात खाली गेला. वॉर्डातल्या आया, सिस्टर, शेजारच्या खाटेवरची आजी, सगळ्या माझ्याशी इतक्या हळू बोलायच्या की मलाच माझी कीव यायची.

संध्याकाळी माझा भाऊ कैलास पैठणकडून आला. आमची आई लवकर गेली, त्याला मीच कडेवर घेऊन वाढवलं, त्यामुळं माझं माहेर म्हणजे तो एकटा. त्याला पारूबाईनं आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. दवाखान्याच्या गेटवर हे उभे होते, पाण्याच्या कॅनसकट. कॅन उतरवायचं भान राहिलं नव्हतं. कैलासनं काही न विचारता त्यांच्या कानाखाली ठेवून दिली. आया मला हे सांगायला पळत आली, तिला वाटलं मला बरं वाटेल.

कैलासनं तक्रार दिली. ह्यांना पोलीस चौकीवर बोलावून घेतलं. सकाळी जायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी सोडलं की घरी जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढचं सगळं माझ्या जबाबावर होतं. बाई शुद्धीवर आली की काय सांगते ते बघू, असं त्यांना सांगितलं होतं.

आणि बाई शुद्धीवर होती.

लेडीज कॉन्स्टेबल आल्या की मी डोळे मिटायची. चपलांचा आवाज ओळखू यायला लागला होता मला. त्या खाटेपाशी उभ्या राहायच्या, सिस्टरला विचारायच्या, "अजून गुंगीतच?" सिस्टर म्हणायची, "आता तर जागी होती." मग कैलास म्हणायचा, "राहू द्या मॅडम, तिला त्रास व्हतोय." मी पापणीच्या आत सगळं ऐकत पडायची.

का गप्प बसले? बिचारी होणं लई सोपं असतं, म्हणून. सगळं जग चहा आणून देतं. खरं बोलले असते तर त्याच बायांनी पदर सावरून खाट लांब सरकवली असती, श्रावणीला शाळेत पोरांनी गोळीवालीची पोर म्हटलं असतं. पण ह्याच्याहून खालचं एक कारण होतं, तेही लिहिते. घरी माझा साठा होता. नीट लपवलेला. खरं सांगितलं की तो जाणार. नवरा चौकीच्या बाकावर बसलाय आणि मी मनात माझ्या पट्ट्या मोजतेय, असं मी केलंय. कुणाला मला शिव्या घालायच्या असतील तर इथं घालाव्यात.

दुसऱ्या दिवसापासून अंग पेटलं. जांभया, घाम, जुलाब, पाय खाटेच्या दांडीवर आपटायचे. शेजारची आजी म्हणाली, "अंगातलं इख उतरतंय, उतरू दे." कैलास माझे पाय दाबत बसायचा. दाबताना रडायचा आणि ह्यांना शिव्या द्यायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की मला एक गोळी आणून दे, मग काय पाहिजे ते लिहून घे.

डॉक्टरभाई

त्याच दुपारी ते आले. दुसरा पेशंट खाली सोडून वर आले होते, अंगात ते गाडीचं जाकीट तसंच. कैलास चहाला गेलेला. मी चपलांचा आवाज वेगळा म्हणून डोळे उघडले आणि पकडले गेले.

ते खाटेजवळ उकिडवे बसले. "नाक गळतंय?"

"व्हय."

"पाय?"

"मरणाचे."

"ह्याला औषध हाय, ताई. जिभेखाली ठेवायची गोळी. ही तळमळ थांबते, आन् हळूहळू माणूस माणसात येतो. ह्याच दवाखान्यात मागच्या बिल्डिंगमधी मिळतं. मी चिठ्ठी लिहून आणलीय."

मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांकडं असे येता?"

"ज्याला उठवलं त्याच्याकडं तिसऱ्या दिवसाच्या आत जायचं, असं मी ठरवलंय. घरी गेला की पेशंट ओळख दाखवत नाय. पुढच्या खेपेला इंजेक्शन घेऊन जाईस्तोवर कधी उशीर झालेला असतो." खिशातून त्यांनी एक छोटी वही काढून दाखवली. नावं नव्हती, नुसती गावं. आमच्या बाजूची बरीच गावं होती. मला वाटत होतं, अख्ख्या तालुक्यात मी एकटीच आहे.

मी म्हणाले, "तुम्हीच सांगून टाका ना पोलिसांना. तुम्ही लिहिलंय की."

"तुम्ही हो म्हणा, मी आत्ता खाली जाऊन सांगतो."

माझ्या तोंडातून हो निघालं नाही. जिन्यात कैलासचा आवाज आला आणि मी डोळे मिटले. मग उशीखाली चिठ्ठी सरकवल्याची सळसळ झाली. इतका भला माणूस माझ्या पायाशी येऊन बसला आणि मी त्यालाही झोपेचं सोंग दाखवलं.

तिसरा दिवस

श्रावणी डबा घेऊन आली. म्हणाली, "पप्पा जेवत नाहीत. चौकीवरून येतात आणि नुसते बसतात. मम्मी, त्यांनी तुला मारलं होतं का?"

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"तू होतीस ना घरात?"

"मी मैत्रिणीकडं होते." ती माझ्याकडं बघत होती. बापावर विश्वास ठेवायचा का नाही हे ती पोर मला विचारत होती. मला उलटी आली आणि तेवढ्यावर तो विषय राहिला.

तासाभरानं लेडीज कॉन्स्टेबल आल्या. मी डोळे मिटले. त्या कैलासला म्हणाल्या, "आज ह्यांचा जबाब नाही झाला तर उद्या तुमच्या तक्रारीवर गुन्हा दाखल करावा लागेल. मग अटक होईल, कोर्ट होईल."

कैलास म्हणाला, "होऊ द्या. सडू द्या तिथंच."

मी डोळे उघडले. खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "माझा नवरा निर्दोष आहे. मी मरायला गेले नव्हते. मला गोळ्यांचं व्यसन आहे. दीड वर्षापासून."

मला वाटलं, झालं, सुटले. इतकी हिंमत केली म्हणजे पुढचं आपोआप होईल.

कॉन्स्टेबलबाईंनी पेन हातात घेतलंच नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. सगळ्याच असं सांगतात. कुणी म्हणतं स्टोव्ह भडकला, कुणी म्हणतं पाय घसरला. सासरचे कुणी येऊन गेले का?"

"अहो नाही. मी खरं सांगते."

कैलास माझ्या खाटेवर बसला. "आक्का, दाजींना वाचवायला तू सोताला बदनाम करून घेऊ नको. तू आन् व्यसन? तू तर चहाबी दोनदा पीत नाय."

तुम्हाला सांगते, खोटं मी दीड वर्ष बोलले, ते सगळ्यांनी मानलं. खरं बोलले ते कुणीच मानेना. मी चिठ्ठी दाखवली. कॉन्स्टेबलबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, "हे तर अँब्युलन्सवाल्यानं लिहिलंय, तुम्ही सांगितलं तेच ना?" मी रडले, तर रडणं म्हणजे दबाव. मी चिडले, तर चिडणं म्हणजे दबाव. माझ्याकडं आता सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती.

कैलासचा कान जवळ ओढला आणि सांगितलं. आमच्या कपाटात खालच्या खणात माझ्या पाळीच्या पॅडचं मोठं पाकीट आहे, त्यात हात घाल. घरातला कुठलाच पुरुष तिथं हात घालणार नाही, म्हणून ती जागा निवडली होती. तो ऐकून लाल झाला. "कायबी बोलतीस का आक्का?"

"जा म्हणते ना! आणि आत्याबाईंना पाठवू नको, तूच घाल."

तो गेला. पाच-सहा तास झाले. कॉन्स्टेबलबाई मध्येच चौकीवर जाऊन परत आल्या. दिवेलागणीला कैलास आला, हातात काळी कॅरीबॅग. माझ्या खाटेवर त्यानं ती उपडी केली. चौदा भरलेल्या पट्ट्या पडल्या. पण त्याच्या तोंडावर अजून तेच. "हे कुणीबी ठेवलं असंल. दाजींनीच ठेवलं असंल, तुला अडकवायला. तुझंच हाय कशावरून?"

मला उत्तर द्यायचं होतं. शब्द मनात तयारही होते. पण माझा उजवा हात आधीच निघाला होता. चादरीवरून सरकत जाऊन त्यानं सगळ्यात जवळची पट्टी धरली आणि अंगठ्यानं मागचा कागद फोडायला घेतला. भावासमोर, पोलिसांसमोर, सगळ्या वॉर्डासमोर. मी तो मागं घेत होते, खरंच घेत होते, तो येत नव्हता.

कैलासनं माझं मनगट धरलं. मी ओढलं. त्यानं आणखी घट्ट धरलं, आणि मी, ज्या भावाला घास भरवून मोठा केला त्याच्या हाताला चावले.

त्यानं हात काढला नाही. माझ्याकडं बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आक्का." एवढंच.

कॉन्स्टेबलबाईंनी पट्ट्या गोळा करून पिशवीत भरल्या, खुर्ची टेबलापाशी नेली आणि लिहायला सुरुवात केली. "सांगा. नाव, वय, कधीपासून." ह्या वेळी त्या मला 'ताई' म्हणाल्या नाहीत.

नंतर

तक्रार मागं घेतली. कैलास ह्यांच्या पाया पडायला गेला, ह्यांनी पडू दिलं नाही, पण उठवूनही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे वॉर्डात आले. दाढी वाढलेली, तोच रविवारचा शर्ट. पिशवीतून मोसंबी काढून सोलायला बसले.

"त्या पोलीसबाई यायच्या तवा तू जागी असायचीस का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी मान हलवली. मोसंबीची एक एक फोड काढून माझ्या हातावर ठेवत राहिले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला रडता तरी आलं असतं. शेजारच्या आजीनं तोवर खाट खरंच लांब सरकवून घेतली होती.

तो विषय त्यानंतर आमच्यात निघालेला नाही. ते माझ्याशी बोलतात, जेवलीस का, पाठ कशी आहे, श्रावणीची परीक्षा कधी. पण माझ्याकडं बघून बोलत नाहीत. जिभेखालच्या गोळीनं माझं अंग शांत झालंय, हे खरं. ह्याच्यावर मात्र कुठल्या डॉक्टरकडं चिठ्ठी मागायची, मला माहीत नाही. ज्यांच्या घरात असं चालू आहे त्यांना मी एवढंच सांगेन की गोळी लपवलेली निभावते एकवेळ, पण दुसऱ्याला आपल्या जागी बसवू नका.

हे लिहायला बसले ते खरं तर उपचाराच्या पहिल्या दिवसासाठी. सुट्टी मिळाल्यावर एक दिवस घरी राहून आम्ही चिठ्ठी घेऊन निघालो. गाडीवरून वाळूज ओलांडलं, क्रांती चौकात सिग्नलला उभे राहिलो. मागच्या बिल्डिंगमध्ये व्हरांडाभर रांग. सगळे पुरुष. दारूचे, गुटख्याचे, कसल्या कसल्याचे. ज्या दोन-चार बाया होत्या त्या कुणाच्या तरी आई, नाहीतर बायका. मी पदर डोक्यावर ओढून भिंतीला उभी राहिले, हे रांगेत लागले.

हे खिडकीपाशी पोचले तोच मागून ह्यांना हाक आली, "अरे दत्ता, तू हितं कसा?" आमच्या गावचे तात्या होते, थोरल्या लेकाला घेऊन आलेले. तात्यांना कळलं म्हणजे गावाला कळलं. खिडकीतल्या माणसानं रजिस्टरमधून मान वर न करता ह्यांना विचारलं, "पेशंट तुम्हीच ना? काय घेता? दारू?"

ह्यांनी तात्यांकडं पाहिलं. मग कितीतरी दिवसांनी माझ्याकडं पाहिलं, सरळ. चिठ्ठी त्यांच्या खिशातच राहिली.

"व्हय," ते म्हणाले. "मीच हाय."

खिडकीतल्या माणसानं पेन उचललं. मला कळत होतं ते काय करतायत. गावात त्यांचं नाव तसंही गेलेलं होतं, आता त्यात आणखी एक भर. मी नुसतं उभं राहायचं होतं. त्यासाठी डोळे मिटायचीसुद्धा गरज नव्हती.

"पेशंट मी आहे," मी म्हणाले. खिडकीतला माणूस लिहीतच होता. मग पदर डोक्यावरून खाली ओढला आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की अख्खी रांग वळली. "ते नाहीत, मी. रंजना दत्तात्रय. गोळ्या. दीड वर्ष. लिहा."

तात्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. हे खिडकीसमोरून बाजूला झाले आणि ती जागा मला दिली.